सुट्टे पैसे साठवायचे, गुंतवायचे: मला रोज विचारले जाणारे प्रश्न

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. मी कराडला पोस्टाची आरडी एजंट आहे, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतली. आरडी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आवर्ती ठेव. माझे निम्मे खातेदार मंडईतले आहेत, बाकी टपरीवाले, शिलाईकाम करणाऱ्या बायका, दोन-तीन मास्तर. आरडीवर मला ४ टक्के कमिशन मिळतं, ते सरकार देतं, तुमच्या हप्त्यातून एक रुपया कापला जात नाही. तरी मी आरडीचं कौतुक करायला लागले की हे कमिशन लक्षात ठेवूनच वाचा.

रोज दहा-वीस रुपये बाजूला टाकून खरंच काही होतं का हो?

होतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. "थेंबे थेंबे तळे साचे" हे प्रत्येक पतसंस्थेच्या कॅलेंडरवर असतं, "दात कोरून पोट भरत नाही" हे मात्र कुणी छापत नाही, आणि दोन्ही खरंच आहे.

हिशोबच करू. रोज २० म्हणजे महिन्याला ६००. पोस्टाच्या आरडीत ६.७ टक्क्यांनी पाच वर्षं भरले तर हातात येतात साधारण ४२,८००. त्यातले ३६,००० तुमचे स्वतःचेच, व्याज पावणेसात हजारांच्या आसपास. एवढ्यात फ्लॅट येत नाही की पोरीचं लग्न होत नाही, आणि जो कुणी यूट्यूबवर "रोज वीस रुपयांत करोडपती" म्हणतो त्याला विचारा की बाबा किती वर्षांनी आणि तेव्हा करोडला किंमत काय राहणार.

पण खरा फायदा व्याज मिळण्यात नाहीच, व्याज वाचण्यात आहे. आमच्याकडे खासगीत पैसे उचलले की शेकडा पाच, म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. पोरगं आजारी पडलं, दहा हजार उचलले, सहा महिन्यांनी फेडले तर ३,००० नुसतं व्याज गेलं. जवळ स्वतःचे दहा हजार पडलेले असते तर हे तीन हजार वाचले असते, एवढा परतावा तुम्हाला कुठला फंड देणार आहे? म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की सुट्ट्या पैशांचं काम पहिले दहा हजार उभे करण्याचं. तेवढे झाले की पुढचं पुढं बघू.

सुट्टे कुठले आता? सगळं तर स्कॅन करून देतो.

हो ना, हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. पूर्वी संध्याकाळी खिसा झटकला की नाणी पडायची, ती डब्यात जायची. आता चहा पण स्कॅन आणि वडापाव पण स्कॅन, त्यामुळं उरलेली मोड हा प्रकारच संपला आणि त्याबरोबर नकळत होणारी बचत पण गेली.

मग मोड कागदावर तयार करायची. दूध ३३ चं घेतलं, ते ४० धरा, ७ बाजूला. वडापाव १८ चा, २० धरा, २ बाजूला. रिक्षा ४६, धरा ५०, ४ बाजूला. भाजी ८५, धरा ९०, ५ बाजूला. रिचार्ज २९९ चा, १ बाजूला. झाले १९ रुपये. रोज रोज हे करत बसायला कुणाला वेळ आहे, म्हणून मी सरळ सांगते की आठवडाभर लिहून काढा, सरासरी काढा आणि मग रोज तेवढा ठरलेला आकडा दुसऱ्या खात्यात टाका. दुसऱ्या खात्यात हे महत्त्वाचं, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही अशा. एकाच खात्यात राहिलेली बचत म्हणजे फ्रिजमधलं आइस्क्रीम.

हे आपोआप करणारी ॲप आहेत ना? ती वापरू का?

आहेत. कल्पना मूळची अमेरिकेतली. बँक ऑफ अमेरिकानं २००५ ला "कीप द चेंज" काढलं, कार्डानं खर्च केला की वरच्या डॉलरपर्यंतचे सेंट आपोआप बचत खात्यात. मग एकॉर्न्स नावाच्या ॲपवाल्यांनी तेच सेंट शेअरबाजाराच्या फंडात टाकायला सुरुवात केली. आपल्याकडं हे आलं तेव्हा फंडापेक्षा सोन्याला जास्त चिकटलं, जार वगैरे ॲप तुमच्या खर्चावरची मोड डिजिटल सोन्यात टाकतात. साहजिकच आहे, आपल्याकडं सोनं म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही.

सवय लागायला ॲप चांगली आहेत हे मी मान्य करते. माझ्या भाचीचे वर्षभरात सात-साडेसात हजार जमले, एरवी तिच्याकडं सातशे टिकत नाहीत. पण पैसे ठेवले कशात हा वेगळा प्रश्न आहे.

डिजिटल सोन्यात वाईट काय आहे? सोनं तर वाढतंच.

सोन्यात वाईट काही नाही, मधे जो वाटा कापला जातो त्यात आहे. शंभर रुपये टाकले की आधी ३ टक्के जीएसटी. म्हणजे सोनं येतं साधारण ९७ रुपयांचं. मग खरेदीचा भाव वेगळा, विक्रीचा वेगळा. समजा दोन्हीत तीन टक्क्यांचा फरक असला तर त्याच मिनिटाला विकायला गेलात तरी हातात ९४ च्या आसपास येणार. सोनं सहा टक्के वाढेल तेव्हा तुम्ही आहात तिथं परत येणार! हे तुमच्या ॲपमध्ये बघायचं असेल तर खरेदी आणि विक्रीचे दोन्ही भाव शेजारी शेजारी उघडा आणि वजाबाकी करा, दुसऱ्या कुणाचं ऐकायची गरज नाही, माझं पण नाही.

दुसरं म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, जाहीर सांगितलं की असलं डिजिटल सोनं त्यांच्या नियमांत बसत नाही, म्हणजे उद्या काही गडबड झाली तर सेबीकडं दाद मागता येणार नाही. सोनंच हवं असेल तर गोल्ड ईटीएफ आहे, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा सोन्याचा फंड, त्याला डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, लागतं, किंवा गोल्ड फंडाची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता, त्याला डिमॅट लागत नाही आणि शंभर-पाचशेत सुरू होते. या दोन्हीवर सेबीचं लक्ष असतं. सरकारचे सुवर्ण रोखे, एसजीबी, हे चांगले होते पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन निघालेलेच नाहीत.

आणि तुम्हाला लेकीसाठी मंगळसूत्रातले दोन मणीच करायचे असतील तर सरळ पैसे साठवा आणि सोनाराकडं जा, मजुरी तर कुठंही पडणारच आहे.

पिग्मी बरी की आरडी?

पिग्मीची गंमत माहिती आहे का, हे नाव सिंडिकेट बँकेचं. उडुपीला १९२८ मध्ये त्यांनी सुरू केली, एजंट दारात येणार आणि रोज दोन आणे घेऊन जाणार. डॉ. टी. एम. ए. पै यांची कल्पना. ती बँक २०२० ला कॅनरा बँकेत विलीन पण झाली, नाव मात्र आपल्याकडं प्रत्येक पतसंस्थेनं उचललं. आज मंडईत कुणालाही विचारा, "पिग्मी भरली का" असंच म्हणतात.

पिग्मीचा फायदा एकच आणि तो फार मोठा आहे. माणूस रोज येतो. संध्याकाळी साडेसहाला गळ्यात बॅग, हातात ते छोटं मशीन, "काकी, आज पन्नास का शंभर?" आणि समोर उभा राहिला की नाही म्हणवत नाही. ज्याची कमाई रोजची आहे त्याला महिन्याच्या शेवटी सहाशे रुपये द्या म्हटलं तर ते नसतात, रोज वीस दे म्हटलं तर असतात. मी एजंट असून सांगते, महिन्याचा हप्ता हे पगारदारांचं डोकं आहे.

तोटा व्याजाचा. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पिग्मीला आरडीपेक्षा खूपच कमी व्याज मिळतं आणि सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज शून्य, वरून एजंटचं कमिशन तुमच्याकडून कापतात. हे पासबुकाच्या मागं बारीक अक्षरात असतं, सही करायच्या आधी वाचा.

माझे चार-पाच भाजीवाले दोन्ही करतात. रोज पिग्मी भरायची, वर्ष झालं की उचलायची आणि एकरकमी पोस्टात नाहीतर बँकेत एफडी करायची. मला यात काही मिळत नाही पण पद्धत चांगली आहे.

पतसंस्था बुडाली तर?

तर फार वाईट. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांना पण हा लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही आणि बोर्डवर "सहकारी" आणि "क्रेडिट" हे शब्द बघून लोकांना वाटतं ही पण बँकच.

आमच्या शेजारच्या शिलाईवाल्या वहिनींचे एका पतसंस्थेत पिग्मीचे एकोणीस हजार अडकले. नाव घेत नाही, आता बोर्ड पण उतरलाय. तीन वर्षं झाली, दर दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं आता मिळणार, त्या पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जातात आणि तशाच परत येतात. ब्लाउजला तेव्हा त्या साठ रुपये घ्यायच्या, म्हणजे तीनशेवर ब्लाउज झाले की हे. म्हणून पतसंस्थेत पिग्मी करायचीच असेल तर वर्षाच्या वर पैसे पडू देऊ नका आणि घरातलं सगळं एकाच ठिकाणी तर नकोच.

पोस्टाची आरडी नेमकी कशी असते?

पाच वर्षांची. कमीत कमी महिन्याला १००, पुढं दहाच्या पटीत कितीही. पूर्वी दहा रुपयांपासून चालायची, २०१९ च्या शेवटी नियम बदलले तेव्हा शंभर झाली. व्याज ऑक्टोबर २०२३ ला ६.७ टक्के झालं. दर तीन महिन्यांनी सरकार दर जाहीर करतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचा दर तुम्हाला पाचही वर्षं मिळतो, मधे कमी झाला तरी.

खातं १५ तारखेच्या आत उघडलं तर दर महिन्याला १५ च्या आत भरायचं, १५ नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. म्हणून मी मुद्दाम मंडईवाल्यांची खाती २० तारखेनंतर उघडते, त्यांना तेवढाच वेळ मिळतो.

हप्ता चुकला तर? मधेच पैसे लागले तर?

चुकला तर शंभराला एक रुपया दंड महिन्याला, एवढंच. पण चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि मग दोन महिन्यांत जाऊन चालू करून घ्यावं लागतं, ते नाही केलं तर पुढं भरताच येत नाही. आणि वर्षभर नीट भरलं असेल तर जमलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं. शेकडा पाचच्या पुढं हे काहीच नाही, तरी दहातल्या आठ जणांना हे माहितीच नसतं, ते आधी सावकाराकडं जाऊन येतात आणि मग मला सांगतात.

मोडायची असेल तर तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज साध्या बचत खात्याचं, ४ टक्के. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदाच सांगते, कारण नंतर सांगितलं की भांडण होतं. म्हणून अडीनडीचे पैसे आरडीत नकोत. ते साध्या खात्यात किंवा लिक्विड फंडात, म्हणजे पटकन पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात.

एजंटला रोख दिले, पोस्टात भरले कशावरून?

छान प्रश्न, आणि हा विचारल्याबद्दल एजंटला राग आला तर एजंट बदला. पैसे दिले की तुमच्या कार्डावर एजंटनं तिथल्या तिथं रक्कम, तारीख टाकून सही केली पाहिजे, "नंतर करते" चालणार नाही. आणि पासबुक तुमच्याकडं असलं पाहिजे. तीन-चार महिन्यांतून एकदा स्वतः पोस्टात जाऊन नोंदी बघून या. माझ्या एका खातेदार आजी दर तिमाहीला जातात, मला तोंडावर सांगून जातात, "तुझ्यावर विस्वास हाय गं, पर बघून येते."

शंभर रुपयांची एसआयपी करू का?

करा, पण पहिले दहा हजार जमल्यावर. बऱ्याच फंडांत शंभरात सुरू होते. अडीचशेची छोटी एसआयपी पण आता निघाली आहे, स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडानं फेब्रुवारी २०२५ मध्ये "जननिवेश" नावानं काढली. सेबीला पण वाटतंय की लहान माणूस यात यावा.

फक्त हे पैसे सात-आठ वर्षं विसरायचे असतील तरच. जानेवारी २०२० ला निफ्टी, म्हणजे शेअरबाजाराचा निर्देशांक, बारा हजारांच्या वर होता, २४ मार्चला साडेसात हजारांपर्यंत आला. दोन महिन्यांत जवळपास ४० टक्के खाली. नंतर वर आला हे सगळे सांगतात, पण त्या मार्चमध्येच ज्याचं दुकान बंद होतं आणि घरात पैसे नव्हते त्याला वर यायची वाट बघता आली नाही, त्यानं खाली विकले. अडीनडीचा डबा आधी का भरायचा ते यावरून कळेल.

कुठला फंड विचाराल तर मी त्यातली एजंट नाही. साधा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतलेच शेअर घेणारा, आणि डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नसलेला, एवढंच म्हणेन. शंभराच्या एसआयपीला पाच फंड करू नका, चिवड्यात सगळंच घालायचं नसतं.

एसआयपीच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर?

हे कुणीच सांगत नाही! फंडवाले काही म्हणणार नाहीत, तो हप्ता नुसता चुकतो. पण तुमची बँक ऑटो डेबिट परत गेलं म्हणून चार्ज लावते, बँकेप्रमाणे दोन-तीनशेपासून पाचशेपर्यंत, वर जीएसटी. शंभराच्या हप्त्याला पाचशेचा दंड. एका पोरानं तीन ॲपवर तीन छोट्या एसआयपी लावल्या होत्या, तिन्ही एकाच तारखेला आणि पगार दोन दिवस उशिरा. वर्षभर कमावलेलं एका सकाळी गेलं.

तारीख पगारानंतर चार दिवसांची ठेवा. ज्यांची कमाई रोजची आहे त्यांनी ऑटो डेबिट लावूच नका, हातात आले की स्वतः टाका. फंडात एकरकमी शंभर-पाचशे पण टाकता येतात.

रोजचं ऑटोपे लावून बसलोय, बंद कसं करायचं?

ॲप डिलीट करून बंद होत नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असं पान असतं, तिथं चालू असलेल्या सगळ्यांची यादी दिसते. नको ते थांबवा किंवा रद्द करा, पिन टाकावा लागतो. बघाच एकदा ते पान, बऱ्याच जणांना तिथं विसरलेली दोन-तीन सबस्क्रिप्शन सापडतात, आणि ती बंद करून जी बचत होते ती मोडीपेक्षा जास्त असते.

व्हॉट्सॲपवर ते ३६५ दिवसांचं चॅलेंज आलंय, पहिल्या दिवशी १ रुपया, दुसऱ्या दिवशी २…

बेरीज बरोबर आहे, वर्षाला ६६,७९५ होतात. पण डिसेंबरचा हिशोब बघितला का? त्या एका महिन्यात १०,८५० टाकावे लागतात. जानेवारीत सगळे खूश असतात, दिवाळीच्या आसपास रोज तीनशे टाकायची वेळ आली की गाडी थांबते. करायचंच असेल तर उलटं करा, किंवा त्या ३६५ आकड्यांचा तक्ता भिंतीला लावा आणि ज्या दिवशी जेवढे असतील तेवढ्या आकड्यावर फुली मारा. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं असा तक्ता पूर्ण केला, फुल्या लाल स्केचपेननं, शेवटी उरलेले सगळे मोठे आकडे बोनसमधून एकदम उडवले.

डबाभर नाणी झालीत, बँकवाले घेत नाहीत.

घ्यावी लागतात. रिझर्व्ह बँकेचं बँकांना स्पष्ट सांगणं आहे की नाणी नाकारायची नाहीत. कॅशिअरचं पण खरं असतं, मागं लाइन लागलेली असते आणि तुम्ही त्याच्यापुढं बरणी उलटी करता. म्हणून एकाच किमतीची शंभर-शंभर नाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून न्या, दहाच्या शंभर नाण्यांचं वजन पाऊण किलोच्या थोडं वर भरतं, म्हणजे घरच्या काट्यावर पण ताळा करता येतो. सोमवारी आणि एक तारखेला जाऊ नका. तरी नाही म्हणाले तर मॅनेजरला भेटून लेखी मागा, लेखी कुणी देत नाही, नाणी घेतात.

त्यापेक्षा सोपं म्हणजे किराणावाला, झेरॉक्सवाला. त्यांना मोड कायम कमी असते. ग्राहकाला चॉकलेट देऊन देऊन ते पण कंटाळलेत.

दहाचं नाणं चालत नाही म्हणतात, आणि पन्नास पैसे?

दहाची सगळी नाणी चालतात. रुपयाचं चिन्ह असलेली, नसलेली, सगळी. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलं होतं की तेव्हापर्यंतचे १४ प्रकार सगळे खरे आहेत. नाही म्हणणारा दुकानदार अफवेवर चालतो. एक मात्र आहे, कायद्यानं एका व्यवहारात नाणी हजार रुपयांपर्यंतच घ्यायचं बंधन आहे, म्हणजे गाडीचं डाउनपेमेंट चिल्लरनं करायचा रील बनवायला जाऊ नका.

पन्नास पैसे कायद्यानं चालू आहेत, दहा रुपयांपर्यंत. चार आणे गेले. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बाद झाली. माझ्या सासूबाईंच्या एका बोर्नव्हिटाच्या डब्यात पावल्याच पावल्या होत्या, माळ्यावर, आम्हाला २०१४ ला घर रंगवताना सापडला. आता नात त्यांनी दुकान दुकान खेळते.

भिशी चालेल का?

ओळखीतली, बारा जणी, महिन्याला पाचशे, दर महिन्याला एकीला सहा हजार. चालेल की. व्याज नाही पण शिस्त आहे आणि गप्पा आहेत. आधी उचलून मग भरायचं थांबवणारी एक निघाली की संपलं, म्हणून नवीन बाईचा नंबर शेवटी ठेवायचा हा आमच्याकडचा नियम. लिलावाची, अनोळखी माणसाची, मोठ्या रकमेची नोंदणी नसलेली भिशी असेल तर लांबूनच नमस्कार.

पोरांच्या गल्ल्याचं काय करायचं?

फोडायचा त्यांच्यासमोर आणि मोजायचा त्यांनीच. दहा वर्षांच्या वरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं आरडी काढता येते, सही त्याची. खिडकीतून पासबुक त्याच्या हातात पडतं तेव्हाचा चेहरा बघा. दहाच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी, वर्षाला २५० भरले तरी खातं चालू राहतं आणि व्याज ८.२ टक्के. आणि हो, गल्ल्यातले पैसे "उसने" घेऊ नका. घेतले तर चिठ्ठी टाका आत, पोरं विसरत नाहीत.

यावर टॅक्स लागतो का?

आरडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरतात, एफडीसारखंच. तुमचं उत्पन्नच टॅक्सच्या खाली असेल तर प्रश्न नाही. सुकन्याचं व्याज करमुक्त. शेअरचे फंड वर्षानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्यापर्यंत काही नाही, सुट्टे पैसे गुंतवणाऱ्याला तेवढं पुरतं.

डोक्यावर कर्ज आहे, तरी साठवू?

क्रेडिट कार्डाचं असेल तर नाही, आधी ते. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर जातं, इकडं ६.७ मिळवून काय करणार? सावकाराचं तर त्याहून आधी. फक्त पाचशे-हजार तरी हाताशी ठेवा, नाहीतर गॅस संपला की परत त्याच दारात.

बरं, मग मी काय आणू? खातं कधी उघडू?

आधार, पॅन, दोन फोटो. नॉमिनीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहून आणा, "आमच्या बाळूला लावा" असं सांगू नका, बाळूचं आधारवरचं नाव दरवेळी वेगळंच निघतं. बारा-साडेबारापर्यंत या, नंतर जेवणाची सुट्टी होते. आणि २० तारखेनंतर या, का ते वर सांगितलंय.